इंदूमावशी गेली तेव्हा

१५ जाने., गुरु. (पेण)
इंदूमावशीला मारलं. आठच्या सिरीयलमध्ये, आजच्या भागात. अंगणात हळदीकुंकू, बायका जमलेल्या, हातात करंडा, आणि बाई छातीला हात लावून खाली. कुंकू सगळं फरशीवर. ते तीनदा दाखवलं, ढोल वाजवून. मग तिची जाऊ कॅमेऱ्यात बघून म्हणते, "विधवेनं रीत मोडली की असंच व्हायचं."
माझ्याकडे शब्द आहेत, पण इथे लिहिण्यासारखे नाहीत.
हे म्हणाले, अगं ती नटी दुसऱ्या चॅनेलवर गेली असेल. गेली तर जाऊ दे! काशीला पाठवा, मुलीकडे अमेरिकेला पाठवा. एरवी प्रत्येक सिरीयलमध्ये पाठवतातच की. हिलाच मारायची, आणि तेही कुंकू लावताना?
माहेरी, वरसेला, आईला फोन केला. लागला नाही.

१६ जाने.
गणपतीच्या कारखान्यात सुतकी कळा. घासून गुळगुळीत करायला मूर्ती मांडून ठेवलेल्या, हात कोणाचाच चालेना. शेजारी बसणाऱ्या कुंदाताईचे डोळे सुजलेले. मालक म्हणाले, "बाईला पगार मिळालाय मरायचा, तुम्ही कामाला लागा." कोणी हसलं नाही.
दुपारी वहिनीचा फोन. आईने टिकली काढली. सकाळपासून कपाळ मोकळं.
वाटलंच होतं.
बाबा गेल्यावर अकरा वर्षं तिचं कपाळ तसंच होतं. मी सांगून थकले, दादा सांगून थकला. ऐकलं कोणाचं? तर इंदूमावशीचं. ती नवऱ्यामागे खानावळ काढते, ठसठशीत कुंकू लावते, कोणी बोललं तर "कपाळ माझं हाय" म्हणते. गेल्या दिवाळीत आई एका संध्याकाळी टिकली लावून ओट्यावर येऊन बसली. नुसती बसली. मी त्या दिवशी घरी येऊन रडले होते.
आणि यंदा रथसप्तमीला स्वतःचं हळदीकुंकू करणार होती. बाबा गेल्यानंतरचं पहिलं. वाणाला चहाच्या गाळण्या आणून ठेवल्यात.
आता काय.

१८ जाने., रवि.
सकाळच्या एसटीने रोहा, तिथून वरसे. आई तांदूळ निवडत होती. विचारलं तर म्हणे, "घामानं सुटते गो टिकली." जानेवारीत घाम!
तेवढ्यात काकी आली. शेजारचंच घर, आईची धाकटी जाऊ. रोज आठला आमच्याच टीव्हीसमोर बसते, इंदूमावशीसाठी रात्रभर रडली म्हणे. आणि आईसमोर मला म्हणते, "बघ बाय, टीव्हीवाल्यांना पन शेवटी पटलं नाय."
मी जे बोलायचं ते बोलले. आवाज चढला. आई म्हणाली, "पुरे, चाळणी दे."
काकी न जेवता गेली. जाऊ दे.

१९ जाने.
चॅनेलच्या पानावर मोठा मजकूर लिहिला. तुम्ही एका बाईला नाही, हजार बायकांना मागे ढकललंत, वगैरे. उत्तर आलं: "प्रेमाबद्दल धन्यवाद! पाहत राहा नवं वळण, रात्री आठ वाजता." खाली तीन गुलाब.
मोबाइल आपटणार होते, हप्ते आठवले.

२० जाने.
ऐकावं ते नवल. वरसेच्या महिला मंडळाचा ठराव: इंदूमावशीच्या दुखवट्यामुळे यंदा गावात कोणीही हळदीकुंकू करायचं नाही. रथसप्तमीला पाच वाजता देवळात श्रद्धांजली सभा. सचिव कोण? आमची वहिनी!
फोनवर म्हटलं, "अगं, ती हळदीकुंकू करायची म्हणूनच आवडायची ना तुम्हाला? मग तेच बंद?"
"वन्सं, दुखवटा तो दुखवटा. लोकांच्या भावनेचा प्रश्न हाय."
"आणि आईचं?"
"त्यांनी कुठं काय म्हटलंय? गप हायत त्या."
गप आहे म्हणूनच तर!! ही बाई दोन वर्षं आईबरोबर एका खोलीत बसून ती सिरीयल बघतेय. काय बघत होती देव जाणे.

२२ जाने.
दादाने धाटावच्या कंपनीतली शिफ्ट संपवून घरी जाताना नाक्यावरच्या फ्लेक्सचा फोटो पाठवला. "भावपूर्ण श्रद्धांजली. इंदूमावशी, तू गेलीस पण मनात राहिलीस." खाली मंडळाच्या सगळ्या बायका, गॉगलवाले दोन कार्यकर्ते. आणि मधोमध इंदूमावशी, पहिल्या भागातली. पांढरी साडी. कपाळ कोरं.
मी विचारलं, हा फोटो का? म्हणे फ्लेक्सवाल्याने कुंकवाचाच लावला होता. बायकांनी बदलायला लावला. मेलेल्या विधवेला कुंकू बरं दिसत नाही.
आज जेवले नाही.

२३ जाने.
आईचाच फोन. ती कधी आपणहून करत नाही. बाजारात जाताना फ्लेक्स बघितला.
"माझ्या इंदूचं कुंकू पुसलं गो यांनी."
 मग, "परवा ये. सगळ्यांना हळदीकुंकवाचं सांगून आलेय. गाळण्या आणून ठेवल्यात, त्या काय गळ्यात बांधू?"
मी म्हटलं, टिकली लावलीस?
"माझ्या हातानं नाय लावायची आता. मी त्यांना लावीन. उलट मला लावायचं का नाय ते त्यांनी बघावं."
कुंकू लावलं की समोरची उलट लावते, हीच तर पद्धत. हिने सगळं त्यावर टांगून ठेवलं. धीट म्हणू का वेडी?

२५ जाने., रवि., रथसप्तमी
दुपारीच पोचले. तिळाचे लाडू, गाळण्या, रांगोळी. आई इस्त्रीची साडी नेसून बसली. पाच वाजले, देवळात माइक सुरू झाला. "आपल्या लाडक्या..." ओट्यावर सगळं ऐकू येत होतं. कोणी येईना.
मी करंडा उचलला. आईने मनगट धरलं. "तू पोटची. तुझं धरत नाय."
सभा सुटल्यावर आल्या. वहिनी पुढे, मागे चौघी, डोळे पुसत. आईने एकेकीला हळद लावली, कुंकू लावलं, गाळणी दिली, लाडू दिला. आता त्यांची पाळी. वहिनीने बोटावर हळद घेतली, आईच्या कपाळाला टेकवली, करंडा पुढे सरकवला. दुसरीने तेच. तिसरीने तेच. नुसती हळद! कुंकवावरून बोट असं उडून जायचं, जणू तिथे निखारा आहे.
 आई पिवळं कपाळ घेऊन बसली. संताप संताप झाला. मी उठून आत गेले, नाहीतर एकीला तरी झोडली असती.
बाहेर आले तर बाकीच्या गेलेल्या आणि काकी आलेली. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. आईने तिला लावलं. काकीने बोट हळदीत घातलं, तेव्हा आई म्हणाली,
"अर्धं नको गो. लावायचं तर पुरं लाव."
काकीचा हात थांबला. "आक्का, ह्यांची बायपास झालीय गेल्या साली. माझा हात नाय धजत. काय झालं तर?"
ती खरंच घाबरली होती. एवढे दिवस मी तिला मनात काय काय म्हटलं. ते सगळं बरोबरच होतं, तरी मी तिच्यापुढे लाडवांचं ताट सरकवलं.
आई म्हणाली, "मग बस. चहा घे. धजेल तवर बस."
काकी बसली. चहा झाला.  करंडा दोघींच्या मधे उघडा. मला एसटी गाठायची होती, निघाले. फाटकातून वळून बघितलं. काकीच्या बोटाची हळद वाळून गेली होती, पण उठली नव्हती ती.