मी ॲडजस्ट करत नसते

२ जुलै, सकाळ
आजपासून या घरात ‘ॲडजस्ट’ हा शब्द बंद. चहाच्या वेळी जाहीर केलं. चिरंजीव मोबाइलमधून मान न काढता ‘बरं’ म्हणाले. सूनबाई म्हणाली, “हो आई. पण आज संध्याकाळचं तेवढं ॲडजस्ट कराल ना?”
संध्याकाळचं म्हणजे तिची आई. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, एकामागून एक ऑपरेशन, मुक्काम माझ्या खोलीत. मला कुणी विचारलं नाही. परस्पर ॲडजस्ट केलं.

३ जुलै
कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी शिकवलं होतं, ॲडजस्ट करायचं ते घड्याळ, पट्टा किंवा दुर्बीण. इथे माणसं करतात. बसमध्ये भरलेल्या बाकावर एक बाई येऊन टेकलीच : “मॅडम, ॲडजस्ट.” शिंप्याने ब्लाउज दंडात घट्ट शिवला : “घालून घालून ॲडजस्ट होईल.” डॉक्टर गोळ्या ॲडजस्ट करतात, म्हणजे एक वाढवतात. प्लंबरने गळक्या नळाखाली माझीच बादली सरकवली आणि म्हणाला, सध्या ॲडजस्ट करा. शब्द एक, अर्थ ढीगभर, आणि प्रत्येक अर्थात गैरसोय माझी.
मी टायपिंग सेक्शनची प्रमुख होते. मार्जिनबाहेर अक्षर गेलं की कागद फाडायचे. खोलीच्या मधोमध जमिनीवर तपकिरी चिकटपट्टी लावली आहे. खिडकी माझ्या बाजूला. पंखा दोघींचा, त्याला इलाज नाही.

५ जुलै
विहीणबाईंना पट्टी दिसत नाही. एका डोळ्यावर कालच्या ऑपरेशनचं झाकण, दुसऱ्यात मोतीबिंदू. सरळ चालत माझ्या हद्दीत येतात आणि माझ्याच पलंगावर बसतात. म्हणे, इथे वारा छान येतो हो. आजारी माणसाला काय बोलायचं? मी मनाची मोठी आहे. बऱ्या झाल्या की सुनावीन.

९ जुलै
डोळ्यांत थेंब घालायचं काम माझ्याकडे आलं. सूनबाई ऑफिसात, आणि चिरंजीव सुई पाहून पलंगाखाली लपणारे, त्यांच्या हाती बाटली कोण देईल? ही ॲडजस्टमेंट नव्हे. कामात अचूकपणा हवा म्हणून मी घालते. विहीणबाई म्हणाल्या, तुमचा हात पिसासारखा आहे. लाघवी बाई. सावध राहायला हवं.

१४ जुलै
दुपारी पेपर मोठ्याने वाचते. त्यांच्यासाठी नव्हे, मला सवयच आहे. परवापासून. बातमीदारांच्या भाषेचे वाभाडे काढते आणि विहीणबाई पोट धरून हसतात. म्हणाल्या, “हाताखालच्या पोरींना छळलं असणार तुम्ही.” म्हटलं, छळलं नाही, घडवलं. “हो हो, रडत रडत घडल्या असतील!” उद्धट बाई. उद्या अग्रलेखही वाचणार आहे.

१९ जुलै
दुसरं ऑपरेशन झालं. माझा पलंग भिंतीकडे हलवला, त्यांचा खिडकीशी आणला. पट्टीचा प्रश्न येत नाही. भिंतीचा आधार माझ्या पाठीला मानवतो, एवढंच. सूनबाई गालात हसत होती. तिला मॅनर्स शिकवायचे राहून गेले.

२६ जुलै
विहीणबाईंना तात्पुरता चष्मा मिळाला. घरी येऊन आधी माझ्याकडे निरखून पाहिलं. म्हणाल्या, “इतके दिवस नुसत्या आवाजावरून तुम्ही चांगल्या उंच झाल्यासारख्या वाटत होतात.” मग जमिनीकडे पाहिलं. ही पट्टी कसली? मी म्हटलं, फरशीला तडा गेलाय. तेवढ्यात दारातून सूनबाई : “अगं आई, ती यांची बॉर्डर! ही तुझी बाजू, ती त्यांची.”
विहीणबाईंनी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. “मी रोज ओलांडत होते की. सांगायचंत तरी.” मग बॅग काढली.

२७ जुलै
गेल्या. जाताना लेकीला हळूच सांगत होत्या, ते मला ऐकू आलं : “फार ॲडजस्ट केलं गं त्यांनी माझ्यासाठी. आता पुरे.”
मी! ॲडजस्ट! असा आरोप उभ्या आयुष्यात कुणी केला नव्हता.
असो. खोली परत मिळाली. पूर्ण विजय. दुपारी पलंग खिडकीशी नेणार.

२९ जुलै
नेला नाही. पाठ.
पेपर वाचला. चिरंजीव डोकावून म्हणाले, “आई, फोनवर आहेस का?” म्हटलं, नाही. “मग कुणाला ओरडतेयस?”

१ ऑगस्ट
पट्टी खरवडून काढली. डिंकाचा पट्टा राहिलाय, चप्पल चिकटते.
मग विहीणबाईंना फोन केला. थेंबांची बाटली इथे राहिली, असं सांगितलं. म्हणाल्या, नवी बाटली केव्हाच आणली. पेपरात भयंकर चूक आहे म्हटलं. वाचून दाखवली. हसल्या. पुढे म्हणाल्या, “येईन कधीतरी. पण तुमची जागा अडते हो.”
एवढी कॉन्व्हेंटची मी, भर मीटिंगमध्ये साहेबांचं इंग्रजी सुधारणारी. नेमक्या वेळी एक धड शब्द सुचेना. तोंडातून निघालं, “खोली मोठी आहे. करू की जरा ॲडजस्ट.”
मग म्हणाल्या, “खिडकी मला लागेल.”
रविवारी येतायत. पलंग भिंतीशीच ठेवला होता, ते किती दूरदृष्टीचं ठरलं.