आवाजाविना बांधलेला प्रोग्राम

२ जून २०१४

‘अंबरपेठच्या मराठी आईबापांनो! तुमच्या लेकरांचा मराठीचा वर्ग बंद होतो आहे, आणि तो कुणी बंद केला हे सांगायलाही कुणी तयार नाही!’ — सुरुवात जमली.

बाहेर फटाके. राज्याची वाटणी होऊन नवं राज्य झालं. शाळेत विचारलं तर कारकून म्हणतो, ‘फाइल उधर गई की इधर रही, मालूम नहीं सर.’ महिनाअखेर तीस पालकांच्या सह्या दिल्या तरच वर्ग राहील. पंधराला कोठी भागातल्या हॉलमध्ये सभा.

मास्तरकीची चाळीस वर्षं वर्गात नि सभेत माइकशिवाय बोललो. फेब्रुवारीत स्वरयंत्र काढलं. आता मी टाइप करणार आणि पुतणीचा प्रोग्राम बोलणार!

५ जून

भारती ऑफिस सुटल्यावर आली. म्हणाली, ‘काका, बोलायचं काम माझ्या प्रोग्रामचं नाही. ते दुसऱ्या कुणी लिहिलेल्या लायब्ररीचं, म्हणजे तयार कोडच्या गठ्ठ्याचं. मी हा दवाखान्यातल्या बाकी पेशंटनाही देणारे. कुणाला नुसती मोठी अक्षरं पुरतात. म्हणून लायब्ररी ऑप्शनल.’

मग दोन रस्ते. कंपाइल करताना, म्हणजे प्रोग्राम बांधतानाच पाहायचं — लायब्ररी आहे? घे. नाही? बोलण्याचा भागच वगळ. किंवा भाग ठेवायचाच, आणि लायब्ररी दर वेळी सुरू करताना शोधायची.

मी टाइप केलं, ‘ऐनवेळी शोधाशोध कसली? एकदा काय ते ठरव!’

‘टाइप पण सभेत ओरडल्यासारखं करता तुम्ही. हौ, तसंच करते.’

९ जून

सकाळी माझ्या लॅपटॉपवर यंत्राचा आवाज ऐकला. ‘लेकरांचा’ असं म्हणते, जणू गाडी चार नंबरच्या फलाटावर येते आहे! माझी वाक्यं — आणि त्यात ना राग, ना दम. सुशीला म्हणाली, ‘शब्द तर कळतात ना?’ बायकोला काय सांगणार!

१४ जून

भारतीने माझ्याच लॅपटॉपवर प्रोग्राम शेवटचा कंपाइल केला. घाईत होती. आवाज तर ऐकून झालाय म्हणाली, अक्षरं तेवढी पाहिली.

१५ जून

सत्तर माणसं. बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं सरकली. आवाज नाही.

‘सर, माइक तो चालू है!’ माइकवाला.

भारती धावत आली. लायब्ररीच सापडेना. तिने इंटरनेटचं डोंगल लावून ती उतरवली. पुन्हा बटण. तरी एक शब्द नाही! प्रोग्राम बांधला गेला तेव्हा लायब्ररी नव्हती, बोलण्याचा भाग त्यात पडलाच नाही. आता शंभर लायब्रऱ्या आणा. नव्याने बांधायचं तर त्याचं सामान असलेला पेनड्राइव्ह तिच्या हिमायतनगरच्या घरी.

मागून कोणीतरी — ‘मास्तरांचं भाषण पहिल्यांदाच वेळेत संपलं!’ हसले सगळे.

भारती माइकवर गेली. ‘चूक माझी आहे. माफ करा.’

अध्यक्ष एकनाथरावांनी माझं भाषण वाचलं. नोटीस वाचावी तसं. माणसं उठत गेली. मी हात हलवत उभा. सह्या नऊ.

१७ जून

भारती आली. आता प्रोग्राम सुरू होतानाच लायब्ररी शोधतो. नसली तर पडद्यावर मोठ्या अक्षरांत सांगतो. ‘मी प्रोग्राम बांधतानाच्या नोंदींचा लॉग वाचायला हवा होता, काका. भाग वगळला असं त्यात लिहिलं होतं.’ डोळे सुजलेले. मी लॅपटॉप मिटून ठेवला.

१९ जून

सुशीलाने आज सांगितलं. भारतीला हॉलमध्येच दिसलं होतं. लॅपटॉपमध्ये नोंद असते — लायब्ररी काढली नऊ जूनला, दुपारी चारला. तेव्हा ती ऑफिसात. सुशीला बाहेर गेलेली, घरात मी एकटा. सुशीलाला म्हणाली, ‘काकांना बोलू नका.’

इथेसुद्धा लिहिलं नव्हतं मी. त्या आवाजाने माझ्या नावाने बोलावं, हे सोसवेना. काढून टाकली. वाटलं, भारतीच्या लक्षात येईल आणि ती दुसरा बरा आवाज घालेल. आणि सत्तर माणसांदेखत तिला माफी मागू दिली.

एकनाथरावांना आत्ता निरोप पाठव, रविवारी पुन्हा सभा. आणि पहिलं वाक्य बदल, म्हाताऱ्या. टाइप कर — ‘आवाज मी काढला होता.’