रंगावरचा बोल्ट

अप्पा, मागच्या पत्रात मी एक गोष्ट चुकीची लिहिली, ती आधी दुरुस्त करते. कोवलमच्या ट्रॅक्टरला रात्रीच्या कामासाठी नवे दिवे बसवायचं काम आपल्या दुकानाकडे आलं, हे खरं. पण पुढे मी लिहिलं होतं की तुम्ही बसवलेला मागचा दिवा इतक्या वर्षांनीही ठीक आहे, तुमच्या हातचं काम कुठे सुटलेलं नाही. ते मी बाहेरून बघून लिहिलं होतं, काही न उघडता. कंपनीत मी दिवसभर गाड्यांचे दिवे तपासते, तपासल्याशिवाय एकाही खोक्यावर शिक्का मारत नाही, आणि तुमच्या कामावर मात्र न बघता मारून टाकला. परवा उघडलं. ते ठीक नव्हतं.

गावचे तलैवर, तेच जुने पुढारी, काम सांगायला स्वतः तांबरमला आले होते. दुकानातल्या तुमच्या फोटोला हात जोडले, स्टुलावर बसले आणि आईला म्हणाले, "तुमच्या मुलीला सांगा, वाळूवर खेकडा चालला तरी दिसला पाहिजे, एवढा उजेड हवा." आई म्हणाली, "खेकडा दिसेल. पकडायचा कसा ते तुमचं तुम्ही बघा." ते हसले. निघताना माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझ्या अप्पांचा दिवा चांगलाच होता, मा. चालवणारा खोटा निघाला." मी मान हलवली. ती मान आता मला सारखी आठवते.

तुम्हाला हे सगळं माहीत आहे, पण क्रमाने लिहिल्याशिवाय मला नीट विचार करता येत नाही. पहाटे अंधारात बोटी परततात तेव्हा त्यांना वाळूवर ओढून घ्यायला ट्रॅक्टर उलटा, मागे मागे, पाण्यापर्यंत जातो. एक माणूस वाकून बोटीचा दोर ट्रॅक्टरच्या मागे बांधतो. त्याच्यासाठी म्हणून डाव्या मडगार्डवर तुम्ही तो दिवा बसवलात, माझ्या पॉलिटेक्निकच्या प्रवेशाच्या दिवशी. त्याच वर्षी पावसाळ्यात एका पहाटे ट्रॅक्टर मागे येत असताना दिवा पेटलेला नव्हता आणि दोर बांधणाऱ्याच्या पायावरून चाक गेलं. तो माणूस ड्रायव्हरचा सख्खा धाकटा भाऊ. ड्रायव्हर सांगत राहिला, "लाइट आपोआप गेली. पाण्याजवळ आलं की जाते, मागेही गेली होती." लोक म्हणाले, बॅटरी वाचवायला यानेच बंद केली, सगळे ड्रायव्हर करतात. मग तुम्हाला बोलावणं आलं. रविवार होता, म्हणून मीही आले.

दुपारचं ऊन आहे. ट्रॅक्टर वर कोरड्या वाळूत उभा आहे, इंजिन बंद. भोवती सगळी वाडी जमली आहे, बायका मासळीच्या टोपल्या खाली ठेवून उभ्या आहेत. तुम्ही बटण दाबता. उन्हात कळत नाही म्हणून मी दिव्यावर ओढणी धरते, आणि ओढणी पिवळी होते. कोणीतरी "आ!" म्हणतं. तुम्ही बटण बंद करता, पुन्हा दाबता, पुन्हा पिवळी. तलैवर विचारतात, "काय?" तुम्ही सांगता, "लाइट नल्ला इरुक्कु." लाइट चांगली आहे, एवढंच. ड्रायव्हरची आई खाली वाकते, मूठभर वाळू उचलते आणि त्याच्या अंगावर फेकते. निघण्यापूर्वी तुम्ही दिव्याच्या बोल्टवर अंगठा ठेवता, थोडा वेळ तसाच. मग हात काढून खिशात घालता. बसमध्ये तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. मला वाटलं, त्या माणसाच्या पायाचं दुःख असेल.

परवा संध्याकाळी मी दोन्ही मडगार्डवर नवे हॅलोजन लावले. ते जास्त करंट ओढतात म्हणून जाड वायर टाकली. उजवा दिवा पेटला तो पांढरा शुभ्र. डावा तुमच्याच जुन्या जागेवर, तुमच्याच लोखंडी पट्टीवर बसवला होता. तो लालसर, विझत आलेल्या निखाऱ्यासारखा. बल्ब बदलून पाहिला, तेच. मग मी तुमचा टेस्टर काढला, दहावी झाल्यावर पेनच्या नळीत छोटा बल्ब घालून तुम्ही मला करून दिलेला. त्याची क्लिप बॅटरीच्या प्लसला लावली आणि टोक तुमच्या पट्टीला टेकवलं. पट्टी ट्रॅक्टरच्या लोखंडाशी नीट जोडलेली असती तर तो पेटायला हवा होता. पेटला नाही. मी मडगार्ड हाताने गदागदा हलवलं, तेव्हा क्षणभर पेटला आणि गेला. इंजिन चालू असताना, उतारावर, वाळूत हिसके खात मागे जाताना ट्रॅक्टर असाच हलतो. कोरड्या वाळूत, इंजिन बंद असताना हलत नाही.

बोल्ट काढला. कडेने खाऱ्या वाऱ्याचा गंज, आणि वॉशरच्या खाली ट्रॅक्टरचा लाल रंग, अख्खा, गुळगुळीत, वॉशरएवढा गोल. बाकीचा ट्रॅक्टर उन्हाने गुलाबी पडला आहे, तेवढीच जागा काल रंगवल्यासारखी होती. नंतर दुसऱ्या कोणी बोल्ट काढून पुन्हा लावला असेल, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. पण काम झाल्यावर बोल्टवर बोटभर ग्रीस थापायची तुमची सवय, आणि तो थर दगडासारखा वाळून तिथेच होता.

बारा वर्षांची असताना मी एका हिरव्या लॉरीला हॉर्न बसवला होता. तुम्ही बोल्टवरून अंगठा फिरवलात आणि सगळ्यांसमोर म्हणालात, "हे काय, टिकली लावलीस का? रंगावर चिकटवून वीज जाते कुठे? वायरने येते ती, लोखंडातून परत जायला नको?" मला रडू आलं. तुम्ही पॉलिश पेपरचा तुकडा हातात दिलात आणि खालचं लोखंड चांदीसारखं दिसेपर्यंत घासायला लावलंत. घासून झाल्यावर माझी नखं हिरवी झाली होती. तुम्ही हसलात. "आता आठवडाभर राहील. नखातला रंग धुतल्याने जात नाही."

म्हणून मला प्रवेशाचा दिवस आठवतो. एग्मोरजवळच्या त्या ऑफिसच्या पायऱ्यांवर मी उभी आहे, हातात फाइल, माझं नाव पुकारायची वेळ झाली आहे आणि पालकाच्या सहीसाठी तुम्ही आलेला नाहीत. सकाळी मी तुम्हाला दोनदा सांगितलं होतं, "अप्पा, उशीर करू नका, जागा जाईल." तुम्ही कोवलमहून थेट, धावत आलात. शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. टेबलापलीकडच्या माणसाने शाईचा पॅड पुढे केला, तुम्ही अंगठा टेकवलात, आणि मी तुमच्या हाताकडे पाहिलं. मला बरं वाटलं. आज तरी यांची नखं स्वच्छ आहेत, असं मनात आलं. आपल्या घरात शाळेची पायरी पहिल्यांदा मी चढले आणि त्या खोलीत मला तुमच्या नखांची लाज वाटायला नको होती. नखं स्वच्छ होती. लाल रंग कुठेही नव्हता.

रंग घासायचा राहिला, हे तुम्हाला नंतर कळलं का, ते मला विचारायचं आहे. त्या दुपारी बोल्टवर अंगठा ठेवलात तेव्हा? त्यानंतर तलैवरांनी दोनदा निरोप पाठवला, पण तुम्ही कोवलमचं काम घेतलं नाहीत. लांब पडतं म्हणालात. पुढच्याच वर्षी तुम्ही गेलात. मी कोणत्याही बाजूने विचार केला तरी शेवटी तुमच्या त्या अंगठ्यापाशी येऊन थांबते.

आईला सांगितलं. ती बॅटऱ्या पुसत होती. म्हणाली, "नवे दिवे लागले ना? मग झालं."

"त्या माणसाचं काय?"

"आणि यांचं काय? बिचारे फोटोत बसलेत, तिथेही शिव्या खायला लावतेस?"

तिने तीच बॅटरी पुन्हा पुसली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझ्यासाठीच पळत आले होते गं त्या दिवशी. डबा तसाच परत आणला होता."

काल मी ड्रायव्हरला सांगायला गेले. काय बोलायचं ते तांबरमपासून बसमध्ये मनातल्या मनात म्हणत गेले. त्या अपघातानंतर त्याला कोणी ट्रॅक्टरवर बसू दिलं नाही. आता तो मोठ्या रस्त्यावर मासळीच्या गाड्यांत बर्फ भरतो आणि तिथल्याच चहाच्या टपरीवर बसतो. मी पोचले आणि टपरीतला करंट गेला. टपरीवाला त्याच्याकडे बोट दाखवून ओरडला, "लाइट आपोआप गेली बघा, लाइटमन!" सगळे हसले. सगळ्यात आधी तोच हसला, अप्पा, सवयीने, दुसऱ्या कोणी हसण्यापूर्वी. मग त्याने मला ओळखलं. "ओढणी धरणारी पाप्पा, ती लहान पोर ना तू? इंजिनियर झालीस म्हणे."

"डिप्लोमा, अण्णा."

"तेच ते. नवी लाइट कशी आहे?"

"चांगली आहे."

त्याने बर्फ ओढायचा आकडा बाजूला ठेवला. "पाण्याजवळ गेल्यावर जाते का?"

"नाही, अण्णा. आता जाणार नाही."

"बरं झालं. मागे पोरं उभी असतात, म्हणून विचारलं." त्याने माझ्या चहाचा ग्लास स्वतः धुऊन घेतला. भाऊ अजून त्याच्या घरचं पाणी पीत नाही, ते मला तलैवरांकडून कळलं होतं. बसमध्ये जुळवलेलं एकही वाक्य मला बोलता आलं नाही. चहा पिऊन परत आले.

त्याला एकट्याला सांगून भागणार नाही, हेही परतताना कळलं. तुम्ही वाडीसमोर दाखवलंत, मलाही वाडीसमोरच दाखवावं लागेल. नव्या दिव्यांना मी बॅटरीपासून वेगळी, वीज परत नेणारी काळी वायर दिली आहे, त्यांना आता मडगार्डच्या लोखंडाची गरज नाही. तुमचा जुना दिवा, पट्टी, बोल्ट, वॉशर सगळं ठेवलं आहे. ते होतं तसं पुन्हा बसवायचं, मागे कोणाला उभं राहू द्यायचं नाही, इंजिन चालू करून ट्रॅक्टर उलटा पाण्यापर्यंत न्यायचा, आणि लोकांनी बघायचं. मग बोल्ट काढून तो लाल गोल दाखवायचा आणि कोणी बसवला होता ते सांगायचं. आडी महिन्यात अम्मन देवीच्या देवळापुढे नाचणीची आंबील वाटतात, तेव्हा अंधार पडेपर्यंत सगळी वाडी वाळूवर असते, ट्रॅक्टरलाही कडुनिंबाचे डहाळे बांधतात. त्या दिवशी दिवे लावून दाखवू का, असं मी तलैवरांना फोनवर विचारलं. ते खूश झाले. त्यांना वाटलं, नवे दिवे.

तुम्हाला वाचता येत नव्हतं. गावाहून काकांचं कार्ड आलं की मी वाचून दाखवायचे, आणि तुम्हाला लागेल अशी ओळ आली की गुपचूप पुढे जायचे. हे पत्र कोणाला वाचून दाखवायचं नाही, म्हणून पूर्ण लिहिता आलं. तुम्ही समोर स्टुलावर बसला असतात, तर नखांची गोष्ट मी गाळली असती. कदाचित बोल्टचीही. वाळूवर काही गाळायचं नाही. आडीचा पहिला रविवार ठरला आहे, एकोणीस जुलै.