मागचा कप्पा

प्रिय अक्का,

आज सकाळी आईनं मला पकडलं, म्हणून लिहिते आहे.

मी तुझी कार्डं घेऊन बसले होते. तूर निवडता निवडता ती म्हणाली, “परत त्येच? झोपंत बी सांगशील की. मागं कामून टाकंनास?”

मी तेच कार्ड पुन्हा उलटलं.

तुला आठवतं? आपल्या कर्नाटकात नोकरीसाठी कन्नडचा पेपर सक्तीचा, हे कळलं तेव्हा मी रडले होते. आळंदच्या बाजारात कन्नड बोलत वाढले, पण शाळा मराठी. लिहायला बसले की हात थांबायचा. तू जुन्या लग्नपत्रिका कापल्यास. एका तुकड्याच्या कोऱ्या बाजूला कन्नड लिहिलंस, दुसऱ्याच्या मराठी, आणि दोन्ही पाठीला पाठ लावून चिकटवलेस. चपलांच्या खोक्यात तीन कप्पे केलेस: रोजचा, आठवड्याचा, महिन्याचा.

“सगळं रोज वाचून मरायलीस कामून?” तू म्हणालीस. “आलं की मागं टाक. विसरायच्या बेताला आलं की काढ.”

“आणि चुकलं तर?”

“तर पुढं. पुन्हा रोज माझं तोंड बघ!”

पावसाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि तू गेलीस. तेव्हापासून मला प्रत्येक कार्ड चुकतं, अक्का. येत असलं तरी चुकतं. मागं टाकलं की तुझं अक्षर महिनाभर दिसणार नाही. पुढचा कप्पा फुगून फाटला आहे. मागचे दोन रिकामे. नव्या कार्डांना हात लावलेला नाही आणि परीक्षा तोंडावर आली आहे. रोज तेच वाचते आणि थकते.

सगळ्यात वरचं कार्ड तर तू मला चिडवायला लिहिलंस. ‘तंगी ऊटा माडिल्ला.’ मागे: ‘धाकटी बहीण जेवली नाही.’ पुस्तकात दुसरी वाक्यं नव्हती का गं? आता ते रोज खरं ठरतं. आई ताट झाकून ठेवते, मी कार्डं उलटत बसते.

इतकी चांगली रीत शिकवलीस, पण असं कुणी गेल्यावर ती कशी चालवायची, ते सांगितलं नाहीस.

हे लिहून झालं की ते जेवणाचं कार्ड थेट मागच्या, महिन्याच्या कप्प्यात टाकीन. मग नवी काढीन. महिन्यानं ते वर येईल, तेव्हा पेपर झालेला असेल. तोवर मी ते विसरणार नाही. विसरले, तर नियमानं तू पुन्हा रोज.

आईनं हाक मारली आहे. ताट वाढलंय.

तुझी तंगी,
जेवायला उठलेली