उगवतीचा कोपरा

८ नोव्हेंबर १९५४
मंगरूळपीरला मोटारीतून उतरलो आणि बैलगाडीने दुपारी तांड्यावर पोचलो. नागपूरच्या कॉलेजात बाटलीतल्या फिकट पाणवनस्पती दाखवून कंटाळलेल्या माणसाला हे तळं म्हणजे मेजवानीच! काठाला पाणकणीस, पुढे शिंगाड्याचे वेल, मधोमध कमळं. उतरलोय गोमतीबाईंकडे. विधवा बाई, बोलणं कमी, पण भाकरी अगत्याने वाढतात. त्यांचा भाऊ प्रेमसिंग तराफा चालवतो. पंधरा दिवसांत शंभरेक नमुने सहज होतील.

१० नोव्हेंबर
उगवतीच्या कोपऱ्यात ना शिंगाडा, ना कमळ. प्रेमसिंग तिकडे तराफा नेत नाही. गाळ आहे म्हणाला. दुपारी बांधावरून बांबू टाकून पाहिला, तळ टणक लागला. हा खोटं का बोलतो?

१२ नोव्हेंबर
आकडीने त्या कोपऱ्यातलं झाड ओढून काढलं. पान नाही, देठ नाही. सुतासारखी पांढरी मुळं आणि बोटाएवढी कळी. कुठल्याच कुळात बसेना. नवी जात असेल तर माझं नाव होईल! टीपकागदात घालून वर विटा ठेवल्या.

१३ नोव्हेंबर
नमुना गेला. प्रेमसिंगने सरळ कबूल केलं, त्यानेच पाण्यात टाकला. का, म्हणून विचारलं तर म्हणाला, "त्याचं त्याले देऊन टाकलं, मास्तर. घरात नोको ते." दुसऱ्या कुणासाठी राखून ठेवतोय काय?

१५ नोव्हेंबर
गोमतीबाईंनी सांगितलं की त्यांचे यजमान दौलतसिंग तीन वर्षांपूर्वी त्याच कोपऱ्यात अडकलेली म्हैस सोडवायला उतरले, ते वर आलेच नाहीत. साऱ्या तांड्याने पाणी शोधलं. "ते मुळं पायाले बिलगतात, सोडत नाईत." माणूस बुडाला तर प्रेत तरी तरंगतं. बहीणभाऊ काहीतरी लपवताहेत.

१६ नोव्हेंबर
प्रेमसिंगच्या पोटऱ्यांवर पांढरे वळ आहेत, दोराने आवळल्यासारखे. भाऊजींना काढायला गेलो होतो, म्हणतो. मला ती झटापटीची खूण वाटते. आता त्याने बांबूही लपवला. गाडीवाल्याबरोबर ठाण्यावर पत्र धाडलं — दौलतसिंगचा खून ह्या दोघांनीच केला असावा, असं.

१७ नोव्हेंबर, सकाळ
दोघं कापूस वेचायला गेली. बांबू गोठ्यात सापडला. निघतो.

दुपार. तराफ्यावर
कोपऱ्यात आलो. पाणी काचेसारखं. कळ्या सगळ्या उमललेल्या.
तळाशी म्हैस उभी आहे. तिचं शिंग धरून माणूस. तीन वर्षं — आणि अंगावरचं मांस ताजं. मुळं त्याच्या तोंडातून —
बांबू निघत नाही. तराफाही हलत नाही.
फटींतून पांढरे धागे वर येताहेत. घोट्याला एक — चाकूने कापला. दोन आले.

बांधावर ती दोघं. प्रेमसिंगने कमरेला दोर बांधलाय. येऊ नको म्हणून ओरडलो. "हालू नका मास्तर, आलोच!" म्हणाला. टोक गोमतीबाईंच्या हातात.
आणि मी ह्यांच्यावर —
पत्र खोटं आहे. ठाणेदारसाहेब, ह्यांचा काही दोष नाही. माझाच —
पाय बधिर. वही बांधावर फेकतो.
प्रेमसिंग दहा हातांवर. दोर ताणला. गोमतीबाई ओढताहेत, तो येत नाही — त्याचा पाय —