बाकडं न्यायला येतील

२७ डिसेंबर
वेफरचा लोखंडी साचा घासताना बेरेंड आठवला. नव्या वर्षाची सकाळ, चर्चचा चौक, आणि रिवाजाप्रमाणे रात्रीत पोरांनी ओढून आणलेल्या साऱ्या गावच्या सामानाचा ढीग. फाटकं, ढकलगाड्या, कुणाचं तरी कोंबड्यांचं खुराडं. त्यात आमचं ओकचं बाकडं, बेरेंडने स्वतः केलेलं. तो त्यावर ऐसपैस बसायचा, मी शेजारी. खिशातली गुंडाळलेली वेफर काढायची, अर्धी त्याला, अर्धी मला. लोक म्हणायचे, "काय रे बेरेंड, बायको सांभाळतोस आणि बाकडं सांभाळता येत नाही?" मग दोघं ते उचलून घरी आणायचो. वाटेत दमलो की त्यावरच बसायचो. बस, इतकंच.

संध्याकाळी मारिटचा फोन. स्वोले शहरातला तो फ्लॅट अजून रिकामा आहे म्हणे. लिफ्ट आहे, खाली दवाखाना आहे. मी म्हटलं, "गावाला माझी गरज आहे." ती म्हणाली, "आई, गावात आता तुला विचारतं कोण?" पोटची पोर म्हणून ऐकून घेतलं. खरं तर नाही घेतलं. पैज लावली. यंदा पोरांनी बाकडं ओढून चौकात नेलं तर तिने स्वोलेचं नाव काढायचं नाही. बाकडं जागचं हललं नाही, तर मी येते. "ठीक," म्हणाली. बिचारी हरणार.

२८ डिसेंबर
मी वाट बघते आहे असं कुणाला वाटायला नको. बाकड्याला साखळी घालून कुलूप लावलं. पोरांना आव्हान आवडतं.

शेजारचा हिंडेर्क कुंपणावरून ओरडला. (तो ओरडतोच. जन्मभर कार्बाइडचे बार उडवून कान गेलेत.) "अगं अलैदा, ते धूड कोण नेतंय? बैल लागतील!" मी म्हटलं, "तू आपली ढकलगाडी सांभाळ." तो म्हणाला, "हो ना, गारठा आहे खरा."

२९ डिसेंबर
साखळी काढली. पावसाने गंजेल, लाकडावर डाग पडतील. केवळ लाकडाच्या काळजीपोटी.

फाटकाच्या बिजागरीला तेल घातलं. ते कधीचं घालायचंच होतं.

३० डिसेंबर
बाकडं भिंतीपासून सरकवत फाटकाजवळ नेलं. तिथे ऊन छान येतं. आज आलं नाही, तो भाग वेगळा. कंबर धरली आहे.

शाळेत सिस्टर बोनिफाशिया सांगायच्या, मोहाची वस्तू दृष्टीआड करा म्हणजे मोह होत नाही. म्हणून कुंड्या, सायकल, केरसुणी, सगळं गोठ्यात टाकलं. आता अंगणात फक्त बाकडं आहे.

३१ डिसेंबर, दुपार
सकाळपासून बार चालू आहेत. शेतात दुधाचे जुने कॅन ओळीने आडवे. आत कार्बाइडचे खडे, वर थोडं पाणी, मागच्या भोकाशी मशाल, आणि धडाम! खिडक्या, कपाटातल्या बशा, माझी कवळी, सगळं हललं. फार सुंदर.

बेरेंडचा कॅन घेऊन मी ऐटीत गेले. पहिला बार मी उडवायचा असं ठरलं होतं. म्हणजे मी ठरवलं होतं. मशाल योर्नच्या हातात. गेल्या वर्षापर्यंत मला काकू म्हणणारा हा दांडगा, पोरांचा म्होरक्या, म्हणाला, "आजी, तुम्ही जरा मागे बसा, खुर्ची आणतो." आणली. घोंगडीही आणली. कानांवर ती मोठी झाकणं चढवली. आदर करतात पोरं. आदर चांगलाच असतो. बार मात्र कापसातून आल्यासारखा ऐकू आला.

निघताना सहज मोठ्याने म्हटलं, "आज मी लवकर झोपणार. अगदी गाढ."

संध्याकाळ
बाकड्यावर सपाट वेफरची बशी ठेवली. जुनं वर्ष उलगडून झालं म्हणून आज सपाट. उद्यापासून गुंडाळलेली, कारण नव्याच्या पोटात काय आहे ते कुणाला ठाऊक! बशी शेजारच्या मांजरासाठी आहे. अंगणातला दिवा चालू ठेवते. मांजर अडखळू नये.

१ जानेवारी, सकाळ
बशी रिकामी. धुऊन पायरीवर ठेवलेली.

बाकडं आहे.

फाटकापासून उचलून दाराशी आणलंय, पत्र्याखाली, पाऊस लागणार नाही असं. वर बसायची जागा पुसलेली. म्हणजे आले होते. उचललंही. फक्त उलट्या दिशेला नेलं.

हिंडेर्क रस्त्यावर बोंबलतोय, "नेली गं मेल्यांनी! ढकलगाडी नेली, शिडी नेली, टपालपेटीसुद्धा उपटून नेली! या वयात मला छळतात!" इतका खूश तो स्वतःच्या लग्नातही नव्हता. "तुझं काय नेलं गं?" मी दार लावून घेतलं.

थोड्या वेळाने
बाकडं कुणी ओढून न्यायचं, यावर मारिटशी नीट बोलणं कुठे झालं होतं? आणि जागचं तर ते हललंच आहे.

गोठ्यातली कॅन वाहायची जुनी हातगाडी काढली.

दुपार
चौकात पोचले तेव्हा सगळे मिस्सेला आत होते. बाकडं ढिगावर चढवता येईना, म्हणून टेकून ठेवलं. मारिटला फोन केला, "बाकडं चौकात आहे." अक्षर अन् अक्षर खरं. ती म्हणाली, "जिंकलीस बाई."

मिस्सा सुटली. मी बाकड्यावर बसून टोमण्यांची वाट बघत होते. उत्तरं तयार होती. लोक येत, हात हातात घेत, "नवं वर्ष सुखाचं जावो, अलैदाबाई. दमलात का?" योर्नने बाकडं पाहिलं आणि पोरांवर खेकसला, "कुणी केलं रे हे? आजींचं न्यायचं नाही असं ठरलं होतं ना?" पोरं आईच्या शपथा घ्यायला लागली. मी ढगांकडे बघत होते.

मालकाने आपलं सामान आपण न्यायचं, हा गावचा नियम. माझं बाकडं पोरांनी ट्रेलरवर चढवलं, त्यावर मला बसवलं, घोंगडीत गुंडाळलं आणि मिरवत घरी आणलं. मागून हिंडेर्क शिडी खांद्यावर घेऊन ओरडत होता, "मला मेलं कुणी पोचवत नाही!" छाती काढून चालत होता.

संध्याकाळ
गावच्या ग्रुपवर माझा फोटो. बिशपसारखी दिसते. खाली योर्नने लिहिलंय, "आजी, पोरांतर्फे माफी." त्याखाली हिंडेर्क: "पोरांनी नाही, तिनेच नेलं. मी ढिगामागे टपालपेटी शोधत होतो. घोड्यासारखी ओढत होती!"

मारिटही त्या ग्रुपवर आहे, हे लक्षात नव्हतं. फोन आला. हसली नाही. हसली असती तर भांडता आलं असतं.

६ जानेवारी
उद्या स्वोले. इस्टरपर्यंत. हवापालट म्हणून. हरले म्हणून नाही, शब्द दिला म्हणून.

मागची व्यवस्था:

कोंबड्या हिंडेर्कला. फार कलकलाट करतात, त्याला त्रास नाही.

बेरेंडचा कॅन योर्नला. अट एकच. पुढच्या वर्षी मी आले की मशाल माझ्या हातात द्यायची, आणि खुर्ची आणायची नाही.

वेफरचा साचा मारिटचा, पण माझ्यानंतर. तोवर मागू नये.

बाकडं कुणालाही द्यायचं नाही. फाटकाजवळ ठेवून जाते आहे, पत्र्याबाहेर. जो न विचारता नेईल, त्याचं.