ओटीत घातलेलं

२ डिसेंबर, खामगाव

जलंबला गाडी बदलून दुपारी पोचले. स्टेशनवर नाचाची कार्यशाळा ठेवणाऱ्या संस्थेच्या स्नेहलताताई चक्क हार घेऊन उभ्या! म्हटलं, अहो, मी नाचणारी बाई, आमदार नाही. त्या इथल्या कॉलेजात शिकवतात. गोड आहेत, पण डोळ्यांखाली काळं पडलंय. कित्येक महिने धड झोप नाही म्हणाल्या.

कार्यशाळा बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये आहे. छताला अजून रुईचे पुंजके लोंबतायत. फरशी गुळगुळीत आहे, माझ्या गुडघ्याला बरी.

राहायला शेडशेजारीच हिंमतरावांच्या अंगणातली खोली दिलीय. ते चित्रकलेचे निवृत्त मास्तर. एके काळी बाजारातल्या अर्ध्या दुकानांच्या पाट्या यांनी रंगवलेल्या. आता हात इतका थरथरतो की निम्मा चहा बशीत. ऐकू तर मुळीच येत नाही, मोठ्या अक्षरात लिहून द्यावं लागतं. माझं लिहिलेलं बघून म्हणाले, "मोत्यावानी अक्षर आहे तुमचं." स्वारी खूश! माझी, म्हणजे.

वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी. पोट तुडुंब.

जानेवारीत पुण्याला 'उसवण' पुन्हा करायची आहे. माझा जुना एकटीचा नाच, ज्याच्यामुळे लोक हिमानी हे नाव ओळखायला लागले. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मला कोणी विचारत नाही. हा शेवटचा डाव आहे. या वेळीही पडले तर मग घरी बसून मुलींना लग्नातले नाच शिकवायचे.

४ डिसेंबर

कामाची रीत अशी. 'उसवण'चे तुकडे करायचे, एकेकाला एकेक तुकडा शिकवायचा, त्यांच्या अंगात तो कसा मुरतो ते बघायचं आणि तिथून नव्याने उचलायचा. आज सकाळी दात घासताना सुचलं, नुसतं शिकवायचं काय, ओटीच भरू की! मी हालचाल करायची आणि शेवटी ओंजळ समोरच्याच्या पदरात रिकामी करायची. पुण्याचे लोक व्हिडिओ बघून वेडे होतील.

पहिली ओटी मंजुळाबाईंची. शाळेत खिचडी शिजवतात, खांदे जखडलेत, हात खांद्याच्या वर जात नाहीत. आधी तयारच होईनात. नवरा गेल्यापासून कोणी ओटी भरली नाही म्हणे. म्हटलं, गेलं खड्ड्यात ते, धरा पदर! त्यांना मी हात उचलणं दिलं. मांडीपासून सावकाश पार डोक्यावर. बाई ढसाढसा रडल्या.

मग चिमूट पुढे केली. ओटीतले चार दाणे भरणारीला परत देतात, तसं. मी हसून त्यांचा हात मागे सारला. नको हो, सगळं तुमचंच. त्या कावऱ्याबावऱ्या झाल्या. "असं नसते बाई, चार दाने वापस घ्या लागते." मी कुठली ऐकतेय.

हिंमतरावही दुपट्टा पसरून रांगेत! म्हणाले, "मले काई घाई नाही, आखरीले द्या." मी कागदावर लिहून दिलं: शेवटचं तुमचं, नक्की. त्यांनी घडी घालून खिशात ठेवलं.

५ डिसेंबर

आज राबियाला चालणं दिलं. ही शिवणकाम करते, अपघातापासून लंगडते, तोंडाची टकळी बंद नाही. ओढणी पसरून म्हणाली, भरपूर टाका मॅडम, कंजुषी नको. स्नेहलताताईंना 'उसवण'च्या शेवटाचा तुकडा दिला, आडवं होऊन डोळे मिटायचा. तिथेच शेडमध्ये घोरायला लागल्या. हसून हसून पुरेवाट.

ताई उठल्यावर दोघीही चिमूट घेऊन परत द्यायला आल्या. मी घेतलं नाही. उगाच काय सोपस्कार.

माझे हात जड झालेत. वेणी घालायला वर जाईनात. थंडी असेल.

६ डिसेंबर

रात्रभर टक्क जागी. झोप आली नाही हे एक, पण डोळे मिटतच नाहीत. बोटांनी पापणी ओढायची तर हात मांडीवरून उठत नाहीत. डोळ्यांत मिरची घातल्यासारखी आग आहे.

सकाळी मंजुळाबाई आल्या. स्वतः घातलेला अंबाडा, वर शेवंती. हात वर करून दाखवला. वर जाताना करंगळी बाहेर वळली. ती माझी खोड आहे. लहानपणी गुरूंनी छडी मारूनही गेली नाही, ती. मी शिकवलीही नव्हती.

दुपारी राबिया अंगणातून आली. लंगडणं नाही. डावं पाऊल किंचित बाहेर टाकत, सरळ. माझ्यासारखी. मी दारात उठायला गेले आणि पाय कसे टाकतात तेच आठवेना.

७ डिसेंबर

डॉक्टर येऊन गेले. नसा ठीक, रक्त ठीक. टेन्शन घेऊ नका म्हणे. अरे बाबा, मी उभी राहू शकत नाही!

आसिमने, राबियाच्या नवऱ्याने, मला उचलून खुर्चीत बसवलं. वही मांडीवर आहे. उजवं मनगट तेवढं चालतं. स्नेहलताताईंना फोन लावायला सांगितला. त्या झोपेतून उठतच नाहीत. त्यांच्या घरचे खुशीत आहेत, किती दिवसांनी झोपल्या, उठवू नका म्हणाले.

हिंमतराव भरवतात. थरथरत्या हाताने, निम्मं वरण माझ्या हनुवटीवर. लाजतात बिचारे.

८ डिसेंबर

दिलेलं परत ओटीत घ्यायचं तर आधी हात हवेत. पदर आपल्याच हातांनी धरावा लागतो, नाहीतर ओटी लागत नाही, हे मंजुळाबाईच सांगून बसल्यात. म्हणून त्यांच्यापुढे रडले. अक्षरशः भीक मागितली. माझं आयुष्य आहे हो ते, जानेवारीत मला—

त्याही रडल्या. इतक्या वर्षांनी कोणी ओटी भरली, तीही आता परत मागता का म्हणाल्या. "काऊन भरली मंग, बाई? काऊन भरली?"

व्हिडिओसाठी भरली, कसं सांगू.

९ डिसेंबर

मंजुळाबाई नांदुऱ्याला बहिणीकडे निघून गेल्या.

राबिया आपणहून आली. म्हणाली, मी लंगडी होती तवा बी जगत होतीच, घ्या वापस. देवमाणूस पोरगी! आसिमने माझी ओढणी मांडीवर पसरली, टोकं माझ्या बोटांत दिली. धरा म्हणाला. मी धरलं, देवाशपथ धरलं. तिने खोलीतून एक चक्कर मारली, सुंदर, आणि ओंजळ उलटी केली.

मला उचलता आलं नाही. ओढणी घसरली.

सांडलं. फरशीवर. दिसलं काहीच नाही, पण सांडलं, तिघांनाही कळलं. राबिया तिथेच मटकन खाली बसली. आता तिला लंगडतासुद्धा येत नाही. माझ्याकडे बघत होती. टकळी बंद.

आसिमने तिला उचलून नेलं. जाताना दार हळूच ओढून घेतलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

माझं गेलं ते गेलं, तिचं पण—

१० डिसेंबर

कोणी येत नाही. कार्यशाळा बंद. डोळे उघडे. रुई उडत येते, डोळ्यांवर बसते. काढता येत नाही.

मान वळत नाही. ही कोणाला दिली? कोणालाच नाही. आपोआप जातंय आता.

लिहीत राहिले तर मनगट राहील. म्हणून लिहितेय. काहीही. अ आ इ ई. खामगाव. जलंब. हिमानी. हिमानी.

११ डिसेंबर, दुपार

हिंमतराव आलेत. अंघोळ करून, धुवट धोतर, खांद्यावर स्वच्छ दुपट्टा. हातात माझाच कागद. शेवटचं तुमचं, नक्की.

बसलेत समोर. दुपट्टा पसरलाय. मागत नाहीत. डोळे भरलेत नुसते. एकदा तरी सही नीट यावी, एवढंच, म्हणाले.

ओरडले, नको! ते हसले. कानाकडे बोट. "लिहून द्या ना, तुमचं अक्षर मले समजते."

वही उचलून त्यांनी दुपट्ट्यावर ठेवली. माझा हातही, पेनासकट—

लिहिल्याशिवाय कळणार नाही त्यांना. आणि लिहीन ते सगळं त्यांच्या ओटीत—

अक्षर वाकडं येतंय. त्यांचा हात बघतेय, थरथर थांबत चाललीय—

चार दाणे तरी परत द्या, चारच—

हिंमतराव नको. एवढंच उरलंय माझ्यापाशी. हे न